कालचं पाणी

पाण्याचा ग्लास पाहिला की कोणाला तहान आठवते, कोणाला जेवणानंतरची गोळी आठवते. राख आठवणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. पेशाने इंजिनिअर. राजगुरुनगरच्या अलीकडे नदीकाठी एक पंपहाउस, तिथून पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकीतून आसपासच्या वाड्यांना दिवसाआड सोडायचं, अशा एका पाणी योजनेवर ते नोकरीला होते. मी चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळणारा. सासुरवाडीत माझी उंची कायम त्यांच्या शेजारी उभी करूनच मोजली जायची, आणि मोजणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दरवेळी तोच एक सहानुभूतीचा भाव असायचा. म्हणून हा इंजिनिअर जावई जरा सर्किट आहे, हे पहिल्या दिवाळसणालाच उघड झालं तेव्हा माझा फराळ अंमळ जास्तच गेला. त्या दिवशी सासूबाईंनी पायावर घालायला तांब्याभर पाणी आणलं, तर हे दारातच पाय मागे घेऊन उभे. "कामून सांडता, आई? राख हाय ती." सणासुदीचं राखेचं नाव ऐकून सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला, आणि जे सांडायचं नव्हतं ते सगळं सांडलं.

राखेमागे एक गाव होतं. साडू मूळचे मराठवाड्यातले, कोळशावर वीज बनवणाऱ्या एका मोठ्या केंद्राच्या चिमणीखाली वाढलेले. गावात म्हणे वाळत घातलेलं धोतर दुपारपर्यंत करडं व्हायचं आणि परातीतलं पीठ मळायच्या आधी फुंकावं लागायचं. "मपली माय तुळशीला पाणी घालायच्या आधी तुळस झटकायची," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ती तुळस मी पाहिली आहे असंच मला वाटतं. तो माणूस पाण्याच्या नोकरीत आला आणि त्याने दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. पाणी टेकडीवर आपण होऊन चढत नाही, विजेने चढतं. वीज कोळशाने येते. कोळशाची राख होते, शिवाय धूर होतो. "राख तरी दिसते हो. धूर वर जाऊन बसतो, तो दिसत बी न्हाई आन् खाली बी येत न्हाई. दरसाल उन्हाळा कामून चढतोय मग?" असं विचारून ते समोरच्याकडे बघत राहायचे. आम्ही मुकाट्याने पंख्याकडे बघायचो आणि तो चालू आहे याचीच लाज वाटायला लागायची.

आम्ही मोशीला आठव्या मजल्यावर राहतो, हा त्यांच्या दृष्टीने आमचा कौटुंबिक अपराध होता. आमच्याकडे आले की ते आधी खाली वॉचमनच्या नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायचे आणि मग जिना चढून वर यायचे. लिफ्ट त्यांनी सोडूनच दिली होती. दारात पोचेपर्यंत छातीचा भाता झालेला असायचा, कपाळावरून घाम ओघळत असायचा आणि माझी बायको ग्लास पुढे करून अगदी काकुळतीने म्हणायची, "दाजी, घोटभर तरी घ्या." हे हाताने नको म्हणायचे. बोलण्याइतका दम आला की खुलासा व्हायचा, "खाली घेतलं. मी वर मपल्या पायानं आलो, तुमचं पाणी विजेनं आलंय." एकदा बायकोने युक्ती करून लिंबाचं सरबत दिलं. ते त्यांनी मिटक्या मारत संपवलं, ओठ पुसले आणि शांतपणे विचारलं, "ह्यातलं पाणी कोणत्या मजल्याचं?" त्यानंतर ती वर्षभर त्यांच्यासाठी खालच्या नळाचा एक तांब्या भरून आणायची. मी हसलो की मला म्हणायची, "तुम्हाला काय जातंय? माणूस घरातून तहानलेला जायला नको."

योजनेच्या पाइपांमधून पाणी गळतं आणि गळणारं प्रत्येक भांडंभर पाणी आधी विजेने वर चढवलेलं असतं, हे त्यांच्या जिवाला लागलेलं दुसरं दुखणं. गळती ऐकायची एक लोखंडी कांब त्यांच्याकडे होती. एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. रस्त्याखाली पाणी कुठे सूंसूं करतंय ते त्यांना कळायचं. एका वाडीच्या आठवडे बाजारात, भर गर्दीत, कांदे आणि कोथिंबिरीच्या मधोमध हे असे गुडघ्यावर बसले. लोकांना वाटलं साहेबांना फिट आली. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी पायातली चप्पल काढून हुंगायला धरली, आणि एका भल्या माणसाने अख्खी बाटली त्यांच्या तोंडावर उपडी केली. साडूंनी डोळे उघडले ते ओरडतच, "आधी ती बाटली बंद करा!" लोक म्हणाले, चला, शुद्धीवर आले.

ताईंच्या वाढदिवसाला त्यांनी आम्हा सगळ्यांना सहलीला नेलं. ताईंनी नवी साडी नेसली होती, बायकोने पुऱ्या तळून घेतल्या होत्या. गाडी थांबली ती एका मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रासमोर. ओळखीच्या माणसाकरवी परवानगी काढून ठेवलेली होती. काळ्या गाळाच्या टाकीतून बुडबुडे येत होते आणि साडू त्यांच्याकडे डोळे भरून बघत होते. हा वायू पकडून जाळला तर त्याच्यावर इथले निम्मे पंप चालतील, आणि असाच सोडला तर चिमणीच्या धुरापेक्षा वाईट, असं ते समजावून सांगत होते. शुद्ध झालेलं पाणी कंपन्यांना द्यावं, म्हणजे नदीचं तेवढं उपसायला नको, हेही सांगून झालं. ताई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, वाढदिवस माझा आहे ना?" त्यावर ते अतिशय मायेने म्हणाले, "म्हणून तर आणलं." पुऱ्या आम्ही घरी येऊन खाल्ल्या.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचं खरं वैर होतं नदीकाठच्या मोठ्या पंपाशी. तो पंप गरजेपेक्षा फार दांडगा होता. पुढेमागे वस्ती वाढेल म्हणून कोणे एके काळी घेतलेला. त्याचं पाणी पाइपांना सोसायचं नाही, म्हणून पुढचा व्हॉल्व्ह कायम अर्ध्याच्या वर बंद ठेवावा लागायचा. "साडूभाऊ, तुम्ही गाडी फुल रेसवर ठेवून ब्रेक दाबून चाकणला जाल का?" ते मला विचारायचे. लहान पंप घ्या, वेग कमीजास्त करणारं यंत्र लावा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, विजेचा खप धाडदिशी खाली येईल, असा प्रस्ताव त्यांनी वरच्या ऑफिसात दिला. मग पुन्हा दिला. मग साहेब बदलले, म्हणून पुन्हा दिला. तोवर मोटर जळायची आणि ऑफिस ती पिंपरीला एका मिस्त्रीकडे तारा बदलून घ्यायला पाठवायचं. हे मिस्त्री म्हणजे आम्ही सगळे चाचा म्हणायचो ते, दाढी मेंदीने रंगवलेली, बोटं वार्निशने. दरवेळी तारा बदलल्या की ती मोटर आधीपेक्षा जास्त वीज खायची. साडू चाचांच्या दुकानात जाऊन हात जोडायचे, "चाचा, यावेळी सांगून टाका, दुरुस्त होत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात तर नवीन घेतील." चाचा खिन्न व्हायचे. "झूठ कैसे बोलूँ, साहब? दुरुस्त तो होती है." मग दोघं चहा प्यायचे, आणि मोटर दुरुस्त होऊन परत जायची.

व्हॉल्व्ह उघडायच्या आधी साडू रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बोलायला उभे राहिले तेव्हा म्हणाले, "शाल परत घ्या, पण पंप बदला." टाळ्या पडल्या, हशा झाला. मी पहिल्या रांगेत होतो. हसणाऱ्यांमध्ये ते एकटेच हसत नव्हते आणि मला एकदम फार वाईट वाटलं.

घरी बसल्यावर माणूस शांत होईल असं ताईंना वाटलं होतं. झालं उलटंच. पंप बदलत नाही तर निदान तो कमी वेळ चालावा, हे त्यांनी मनावर घेतलं. राहायला ते योजनेवरच्याच एका वाडीत, आणि शेतांपलीकडून पंपाची घरघर त्यांच्या ओट्यावर ऐकू यायची. टाकी भरायला अंधार पडायचा, मग घरघर थांबायची. टाकी लवकर भरायला हवी, तर वाडीने पाणी कमी घ्यायला हवं. आणि वाडीचा रिवाज असा, की पाणी दिवसाआड येणार, लोक हंडे, पिंप, कळशा भरून ठेवणार, आणि पुन्हा नळ आला की उरलेलं सगळं गटारात ओतून ताजं भरणार. कारण ते कालचं. ते शिळं. भाकरी शिळी चालते, भात फोडणीला टाकून चालतो, पाणी मात्र शिळं चालत नाही. नळाच्या वेळेला गल्लीच्या गटाराला असा लोंढा यायचा की कुत्री उठून पलीकडे जायची. साडूंच्या स्वतःच्या घरातही तेच. ताई खेडच्या, हंडा रोज रिकामा करून पालथा घालणाऱ्या घरातल्या. नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या भिंतीच्या कडेने, अगदी बारीक धार धरून पाणी ओतायच्या. रस्त्याखालची गळती ऐकणाऱ्या माणसाला ती धार काय ऐकू येणार नाही? आतून आवाज यायचा, "अगं, राख चालली."

साडू दारोदार फिरायला लागले. पाणी शिळं होत नाही. नदीत असतं तेव्हा ते काय ताजं असतं? धरणात वर्षभर असतं, तेव्हा कोणी धरण ओतून देतं का? झाकण ठेवा, वापरा, नळ आला की जेवढं कमी असेल तेवढंच भरा. लोक आधी हसले, मग कंटाळले, मग चमत्कारच झाला, ऐकायला लागले. त्याचं श्रेय शेजारच्या काकूंना. जुन्या गावकऱ्यांपैकी, तोंडाच्या फटकळ, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. "सायेब येवढं जीव तोडून सांगतोय, तर वतू नका गं बायांनो," असं त्यांनी एकदा नळावर जाहीर केलं आणि निम्म्या वाडीचा लोंढा आटला. त्या उन्हाळ्यात मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. ओट्यावर चहा चालला होता, ऊन अजून भिंतीवर होतं. अचानक साडूंनी हात वर केला. शेतांपलीकडची घरघर थांबली होती. "बंद झाला," ते हळूच म्हणाले. "उजेड हाय अजून, आन् बंद झाला." मग ते घाईघाईने चपला अडकवून गेले आणि पेढे घेऊन आले. काकूंना पहिला पेढा. पेढा तोंडात धरून काकू म्हणाल्या, "आरं पर झालं काय, त्ये तरी सांग!" त्या दिवशीच्या त्यांच्याइतका सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही, त्यांनाही तसं पाहिलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. काकूंच्या नातवाला चाकणला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. कशाने झालं ते कोणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नाचं जेवण होतं, उसाचा रस होता, कैऱ्यांचे दिवस होते. पण वाडीला कारण तयार मिळालं. देवळापुढे लोक जमले आणि काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शिळं पानी पाजलं लेकरांना. त्याचं डोस्कं फिरलंय, त्याच्या नादानं आमचं बी फिरलं." मला वाटलं, साडू आता धरणापासून सुरुवात करतील. ते खाली मान घालून उभे राहिले. म्हणाले, "झाकण ठेवा म्हणून सांगत फिरलो. भांडं घासा, हे सांगायचं राहूनच गेलं. मला वाटलं, ते काय सांगायचं." त्यांनी हात जोडले आणि ते घरी गेले. पोरगा बरा झाला, चार दिवसांत गल्लीत क्रिकेट खेळायला लागला. गटाराला पुन्हा लोंढा आला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि घरघर पुन्हा अंधार पडेपर्यंत चालू राहिली.

त्यानंतर ते पाण्याविषयी बोललेच नाहीत. कांब दाराआड गेली. आमच्याकडे आले तर लिफ्टने आले, बायकोने दिलेला ग्लास त्यांनी मुकाट्याने रिकामा केला, आणि ती आत येऊन रडली. पूर्वी ज्या वेडाला आम्ही हसायचो, ते गेल्यावर घरात बसलेला तो शहाणा माणूस आम्हाला बघवेना. ताई तर हबकूनच गेल्या. आयुष्यभर चोरून ओतलं, आता त्या मुद्दाम मोरीत उभ्या राहून, हंडा आपटून, भसाभसा पाणी ओतायला लागल्या. आतून काहीतरी आवाज यावा म्हणून. आला नाही. एकदा त्यांनी स्वतःच विचारलं, "अहो, ओतलं हं मी. ऐकलंत का?" ते "बरं" म्हणाले. ताईंनी हे मला सांगितलं. म्हणाल्या, "भांडले असते तर बरं वाटलं असतं हो." तेव्हापासून त्यांनी ओतायचं सोडलं. साडूंनीही फक्त एक काम धरलं. नळाच्या दिवशी उरलेलं पाणी बादलीत काढायचं, हंडा चिंच लावून घासायचा, मग तेच पाणी परत घालून वर हवं तेवढं ताजं भरायचं आणि झाकण ठेवायचं. कोणाला काही सांगायचं नाही.

हिवाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मी कंपनीतून पोचलो तेव्हा गल्ली भरली होती. पिंपरीहून चाचा आले होते आणि ओट्याच्या कडेला टोपी सारखी करत बसले होते. त्या दिवशी नळ नव्हता. बायकांनी घरातलं काम हातात घेतलं होतं, आणि काकूच पुढे होत्या. घरात मयत झालं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत, सगळं ओतून देतात. "घरातलं पानी वतून द्या गं," काकू म्हणाल्या. "आंघुळीला माझ्या घरनं आना." दोघी जणी उठल्या, एकीने हंड्याला हात घातला. तोवर ताई कोपऱ्यात बसून होत्या. त्या उठल्या आणि हंड्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"ओतायचं नाही."

"अगं पर रीत हाय बाई…"

"काल त्यांनीच घासलाय. त्यांनीच भरलाय. हे झाकण त्यांच्या हातचं आहे." ताईंनी हंड्याच्या काठाला हात लावला. "आंघोळ ह्याच पाण्याने घाला. एक थेंब ओतलेला त्यांना आवडणार नाही."

बायका काकूंच्या तोंडाकडे बघू लागल्या, कारण गल्लीत शब्द त्यांचाच. काकूंनी पदर खोचला, झाकण अलगद काढून बाजूला ठेवलं आणि तो हंडा स्वतः उचलून बाहेर आणला. वयाने वाकलेली बाई, पण दारापर्यंत एकीलाही हात लावू दिला नाही. कालच्या पाण्याने साडूंना आंघोळ घातली. चाचा मान खाली घालून बघत होते. मला राहून राहून वाटत होतं की आता ते डोळे उघडतील आणि जास्त सांडताय म्हणून ओरडतील. मी मनापासून वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. गल्लीने नेहमीसारखं कालचं पाणी ओतलं, गटाराला लोंढा आला, कुत्री उठून पलीकडे गेली. कोणाचं काही बदललं नव्हतं. मी आणि बायको ताईंच्या ओट्यावर बसलो होतो. काकू आपलं भरणं आवरून आल्या आणि ताईंच्या शेजारी टेकल्या. त्यांच्या घरातून गटाराला मिळणारी मोरी तेवढी कोरडी होती. शेतांपलीकडे पंप चालू होता. ऊन भिंतीवरून उतरलं, मग अंगणातून गेलं.

"बंद झाला का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही अजून," ताई म्हणाल्या.

आम्ही बसून राहिलो.